हरिनारायण: जोडून आणि ऱ्हस्व

माझ्या भाच्याचे नाव त्याच्या पणजोबांवरून हरिनारायण ठेवायचे हे त्याच्या जन्माआधीच ठरले होते आणि बारशाला ते कानात सांगण्याचा मान आत्या म्हणून माझा होता. महानगरपालिकेत जन्मनोंदणीचा अर्ज भरताना मात्र ‘हरिनारायण’, ‘हरीनारायण’ आणि ‘हरि नारायण’ असे तीन पर्याय घरातूनच पुढे आले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा मानला जात असल्यामुळे, दाखल्यावर जे लिहिले जाईल तेच आयुष्यभर चालणार, याची जाणीव सर्वांनाच होती.

पणजोबा स्वतः कसे लिहीत हे पाहावे म्हणून आम्ही घरातले जुने खरेदीखत काढले. ते मोडीत आहे. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढलेली आणि मग लेखणी फारशी न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत नेलेली. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ इकार वेगळा दाखवत नसत, शिवाय दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. त्यामुळे आमच्या दोन्ही प्रश्नांवर तो कागद काहीच सांगू शकला नाही, तरी त्यावरचे पणजोबांचे नाव वाचताना आम्हा सर्वांनाच भरून आले.

ऱ्हस्व-दीर्घाचा निकाल मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी लागला. सुटे नाव ‘हरी’ असे दीर्घ लिहायचे, पण तोच शब्द समासात पहिला आला की मूळ ऱ्हस्व कायम राहतो. म्हणून हरिनारायण. लक्ष्मीनारायणातली ‘लक्ष्मी’ मुळातच दीर्घ असल्याने ती तशीच राहते, आणि लोकांचा गोंधळ होतो तो बहुधा तिच्यामुळेच.

तोडून लिहिण्याला माझा ठाम विरोध होता. आपल्याकडे नावानंतरची जागा वडिलांची असते. बाळाजी विश्वनाथ म्हणजे विश्वनाथपंतांचे चिरंजीव बाळाजी. आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. अशा वेळी ‘हरि नारायण’ असे सुटे लिहिले, तर नारायण हे त्याच्या स्वतःच्या नावाचे अर्धे अंग आहे हे कोणाच्या लक्षात येणार? दोन्ही पदे मिळून त्याचे एकच नाव होते आणि ते तसेच दिसले पाहिजे. पंचवटीतले मंदिर बांधणाऱ्या सरदारांचे नाव इतिहासात ‘नारो शंकर’ असे सुटे आढळते, पण आपण नाशिककर मंदिराला नारोशंकर आणि घंटेला नारोशंकराची घंटा असे एका दमात म्हणतो, कारण दोन पदे कायम बरोबर उच्चारली की कानाला ती एकच वाटू लागतात.

इंग्रजी अक्षरांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. ‘हरि’साठी शेवटी एकच आय, ‘नारायण’मध्ये कुठेही दुहेरी ए नाही, मध्ये जागा नाही आणि जोडरेघही नाही, कारण जोडरेघ एका अर्जात स्वीकारली जाते आणि दुसऱ्यात गळते. अर्ज आम्ही याप्रमाणे भरला असून आधार कार्ड काढतानाही हीच अक्षरे द्यायची, असे वहिनीला सांगून ठेवले आहे.