कडक भाकरीच्या ट्रॉलीला स्प्रिंगची चाकं: माझा अनुभव

स्प्रिंग बनवायला देताना वेढ्यांचा आकडा कधीही एकटा लिहू नका. ‘काम करणारे वेढे’ (म्हणजे भाराखाली दबणारे) इतके आणि ‘एकूण वेढे’ इतके, असे दोन्ही आकडे लिहा आणि समोरच्याकडून फोनवर वाचून घ्या. मी एकच लिहिला. त्या एका आकड्यापायी माझे अडीच महिने गेले आणि संक्रांतीचा, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचा सगळा सीझन वहिनींच्या हातून निसटला. अजून राग गेलेला नाही, म्हणून हे आधी सांगून टाकतो.

आमच्या वहिनी सोलापुरात शेळगीत बचत गटाच्या बायकांबरोबर कडक भाकरी करतात. सोलापूरच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, भाजायची आणि कडक होईपर्यंत वाळवायची. महिनाभर टिकते, शेंगाच्या चटणीबरोबर खायची. टिकायला टिकते, पण धक्का अजिबात सोसत नाही. भाजायची शेड आणि पॅकिंगची खोली यांच्यामध्ये साठेक फुटांचं अंगण, आणि अंगणात शहाबादी फरशी. दोन-दोन फुटांच्या लाद्या, सांधे उघडे पडलेले, काही लाद्या बोटाच्या पेरानं खचलेल्या. ट्रॉली ढकलत निघालं की प्रत्येक सांध्याला खालून दणका, आणि तिसऱ्या-चौथ्या सांध्याला वरच्या ट्रेमधून ‘कट्’ असा बारीक आवाज. तो आवाज मी एकदा वहिनींबरोबर चालताना ऐकला. त्या काही बोलल्या नाहीत, ट्रे ओढून वरची भाकरी उचलली, खालची मधोमध दुभंगलेली होती. मग म्हणाल्या, “भाऊजी, ट्रॉली तुम्ही छान केलीय. पण भाकरी अंगणात मोडते. चाकाचं काहीतरी बघा.”

माझं एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ट्रॉली मीच केली होती, ३ इंची नायलॉनच्या चाकांवर. म्हणजे चूक माझ्या दारात होती.

पहिला उपाय स्वस्तातला आणि तो सगळ्यांनी आधी करावा: चाक मोठं करा. ७५ मिलिमीटरचं चाक ६ मिलिमीटरच्या कडेवर चढवायला त्याच्यावरच्या वजनाच्या जवळपास ०.६५ पट आडवा जोर लागतो. १५० मिलिमीटरच्या चाकाला तोच जोर ०.४३ पट. भूमितीच तशी आहे, चाक लहान तितकी कड त्याला भिंतीसारखी वाटते. ६ इंची रबरी चाकं बसवल्यावर मोड निम्म्याच्या आसपास आली. हवेची चाकंही लावून बघितली. दणका छान खाल्ला, पण आठवड्यात दोनदा बाभळीचा काटा घुसला. ती काढून टाकली.

मग रबर. दुबेळक्यासारखी हलणारी भुजा आणि तिच्यावर रबराचा ठोकळा, अशी चार चाकं केली. उन्हाळ्याचे दिवस होते. पहिले पंधरा दिवस अप्रतिम. रबराचं सुख असं की ते धक्का नुसता झेलत नाही, गिळतं; ट्रॉली नंतर डुलत नाही. पण रात्री ट्रॉली भरलेलीच उभी राहायची, आणि सतत वजनाखाली ठेवलेलं रबर हळूहळू बसत जातं. दीड-दोन महिन्यांत सगळे ठोकळे चपटे झाले, त्यातले डाव्या बाजूचे जास्त, आणि ट्रॉली एका अंगावर कलली. रबरच वापरायचं असेल तर ट्रॉली उभी करताना फ्रेमखाली ठोकळे सरकवा, चाकांवर रात्रभर भार ठेवू नका. मी स्प्रिंगकडे वळलो.

हिशोब सांगतो, कारण तो कुणी नीट सांगत नाही. ट्रॉली २२ किलो, भरलेले ट्रे ४८ किलो, एकूण ७०. चार चाकांवर प्रत्येकी साडेसतरा किलो, म्हणजे १७२ न्यूटन. भरल्यावर चाक ९ ते १० मिलिमीटर दबावं असं मी ठरवलं. म्हणजे चाकाशी दर मिलिमीटरला १८ न्यूटन. जास्त मऊ का नाही, असं गटातल्या एका मावशींनी विचारलं होतं, आणि प्रश्न बरोबर होता. माणूस चालतो तेव्हा ट्रॉलीला सेकंदाला साधारण दोन सांधे लागतात. स्प्रिंगवरच्या ट्रॉलीचा स्वतःचा एक ताल असतो: १५.८ ला दबलेल्या मिलिमीटरांच्या वर्गमुळानं भागायचं. साडेनऊ मिलिमीटरला तो ताल सेकंदाला पाच येतो. ६० मिलिमीटर दबेल इतकी मऊ केली तर ताल दोनवर येतो, म्हणजे सांध्यांशी जुळतो, आणि मग झोपाळ्याला वेळेवर हात लावावा तशी ट्रॉली वाढत वाढत हलत राहते.

आता भुजा. भुजा जिच्याभोवती हलते त्या खिळीपासून चाकाचा आस ८० मिलिमीटरवर, स्प्रिंग ४० मिलिमीटरवर. स्प्रिंग निम्म्या अंतरावर आहे म्हणून दुप्पट ताकदीची हवी असं वाटतं. तसं नाही, चौपट हवी: जोर दुप्पट येतो आणि दबणं निम्मं होतं. १८ चे ७२ न्यूटन झाले. त्यासाठी ५ मिलिमीटरची तार, मधल्या व्यासाला २५ मिलिमीटर आणि काम करणारे साडेपाच वेढे. दोन्ही टोकं बंद करून घासलेली, म्हणून आणखी दोन वेढे जे दबत नाहीत. एकूण साडेसात. मोकळी लांबी ५०.

हे सगळं ड्रॉइंगवर होतं. स्वच्छ, मापांसकट.

दिवाळी झाल्यावर पुण्याच्या बाजूच्या एका स्प्रिंगवाल्याकडे पाठवलं. त्यांनी उलट एक फॉर्म धाडला आणि सांगितलं, फॉर्म भरल्याशिवाय ऑर्डर पुढं जात नाही. फॉर्मवर तार, बाहेरचा व्यास, लांबी, आणि ‘टर्न’, म्हणजे वेढे. टर्नसाठी एकच रकाना. मी ५.५ लिहिलं, कारण स्प्रिंगच्या हिशोबात जो आकडा चालतो तो तोच. ड्रॉइंग सोबत जोडलेलं होतंच. कमीत कमी ५० नगांची ऑर्डर, सगळे पैसे आधी. मला पहिल्या दोन ट्रॉल्यांना आठच लागत होते.

मग वाट बघणं. दहा दिवसांत देतो म्हणाले होते. अकराव्या दिवशी ‘तार आली नाही’. सोळाव्या दिवशी ‘मशिनवर आहे’. विसाव्या दिवशी ज्यांच्याशी बोलत होतो ते रजेवर, आणि दुसऱ्या माणसाला ऑर्डरच सापडेना. मी रोज सकाळी साडेदहाला फोन लावायचो. वहिनी विचारायच्या नाहीत, पण संध्याकाळी घरी गेलो की माझ्या हाताकडे बघायच्या, पार्सल आहे का म्हणून. पाचव्या आठवड्यात ट्रॅव्हल्सच्या गाडीतून खोका आला.

स्प्रिंग आली की लगेच बसवू नका. आधी मोजा, आणि मोजायला मशीन लागत नाही. ड्रिल मशिनच्या टेबलावर वजनकाटा ठेवा, त्यावर स्प्रिंग उभी करा, चकमध्ये सपाट टोकाचा रॉड धरा आणि हँडल खाली ओढा. रॉड स्प्रिंगला नुसता टेकला की शून्य धरा, तिथून बरोबर ५ मिलिमीटर दाबा आणि काटा वाचा. माझ्या स्प्रिंगला ३६ ते ३७ किलो यायला हवे होते. काट्यावर ५७ आले. पुन्हा केलं, ५७. दुसरी घेतली, ५८. मग व्हर्नियर लावला: तार ५, व्यास बरोबर. मग बोटानं वेढे मोजले. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सगळे मिळून साडेपाच. म्हणजे काम करणारे फक्त साडेतीन. स्प्रिंग दीडपटीहून जास्त कडक.

फोन केला. “साहेब, टर्न साडेपाच लिहिलंय, साडेपाच दिलेत.” मी म्हणालो, ड्रॉइंगवर एकूण साडेसात स्पष्ट आहे. “ड्रॉइंग ऑफिसात असतं, मशिनवर फॉर्म जातो.” हे वाक्य मी विसरणार नाही. ज्या कागदावर खरी माहिती आहे तो मशिनपर्यंत जातच नाही, आणि जो जातो त्यात ती लिहायला जागा नाही. आठ दिवस वाद घातला. शेवटी दुसरी लॉट निम्म्या किमतीत द्यायला तयार झाले. तेव्हा डिसेंबर अर्धा उलटला होता.

दुसरी लॉट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आली. पुन्हा ड्रिल, पुन्हा काटा: ३६ किलो. मी तिथेच खुर्चीवर बसलो, इतकं हलकं वाटलं. स्प्रिंगा छान चमकत होत्या, झिंक केलेल्या, म्हणजे जस्ताचा मुलामा (प्लेटिंग) दिलेल्या. प्लेटिंगच्या रकान्यात ‘हो’ मीच लिहिलं होतं, खाण्याच्या वस्तूजवळ तेलकट काळी स्प्रिंग नको म्हणून. त्याच दिवशी बसवल्या, ट्रॉली भरली, अंगणातून नेली. वहिनी शेजारून चालत होत्या. एकही ‘कट्’ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन आला. ट्रॉली एका कोपऱ्यावर बसली होती, दोन ट्रे सरकून भाकऱ्या फरशीवर. रात्री कुणी हातसुद्धा लावला नव्हता. स्प्रिंगचे सरळ दोन तुकडे, वाकलेली नाही, ताणलेली नाही, तुटल्याची जागा खडूसारखी कोरडी. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या चाकाची गेली.

कारण असं. कडक तारेच्या स्प्रिंगला झिंक करताना आम्लात धुणं आणि प्लेटिंग या दोन्हींत पोलादात हायड्रोजन शिरतो. तो बाहेर काढायला प्लेटिंगनंतर चारेक तासांच्या आत १९० ते २२० अंशांना काही तास भाजावं लागतं. न भाजलेली स्प्रिंग काट्यावर अगदी बरोबर वजन दाखवते, आणि भाराखाली नुसती उभी राहिली तरी काही तासांनी किंवा दिवसांनी तडकते. मी विचारलं तर उत्तर आलं, “बेकिंगचं तुम्ही सांगितलं नव्हतं.” स्प्रिंग बनवणं हा ज्यांचा रोजचा धंदा आहे त्यांनी हे गिऱ्हाइकानं सांगायची वाट बघावी, याचा मला आजही संताप येतो. वहिनींनी त्या सकाळी खाली बसून फरशीवरचे तुकडे गोळा केले, पदरानं पुसून चुऱ्याच्या डब्यात टाकायला निघाल्या आणि थांबल्या. जमिनीवर पडलेलं विकायचं नाही म्हणून गाईला घातलं. संक्रांत पाच-सहा दिवसांवर होती.

उरलेल्या झिंकच्या स्प्रिंगा उशिरा भाजून वाचवायचा विचार करू नका. आत चीर सुरू झालेली असेल तर भाजून ती भरत नाही. मी सगळ्या भंगारात दिल्या. दुसऱ्या लॉटमधल्या काही नगांचं प्लेटिंग राहिलं होतं, ते तसेच काळे मागवले आणि इथेच पावडर कोटिंग करून घेतलं. ते आले तेव्हा गड्डा उठत आला होता.

काळ्या स्प्रिंगा आजवर एकही तुटलेली नाही. पण स्प्रिंगला रबरासारखं गिळता येत नाही, सांधा गेल्यावर ट्रॉली दोन-तीनदा होकार दिल्यासारखी हलायची. त्याला भुजेच्या खिळीवर दोन्ही बाजूंनी जाड रबरी वॉशर घातले आणि नट आवळला. घासण्यात डुलणं मरतं. फार आवळलात तर भुजा अडकते. हातानं दाबून सोडल्यावर एकदाच वर येऊन थांबली पाहिजे. शिवाय भुजेच्या वर एक रबरी बटण लावा, म्हणजे मोठ्या खड्ड्यात स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडणार नाहीत. माझी स्प्रिंग दबून साडेसदतीस मिलिमीटर लांबीची झाली की भिडते, बटण त्याच्या २ मिलिमीटर आधी टेकतं.

भुजा आली की चाक फिरताना जास्त जागा मागतं. माझं पहिलं चाक वळताना ट्रॉलीच्या पायाला घासत होतं, प्लेट ३० मिलिमीटर आत घ्यावी लागली. ट्रॉलीची उंचीही वाढते, म्हणून जड ट्रे खाली ठेवा. आणि तयार कॅस्टर (ट्रॉलीखाली लावायची तयार चाकं) विकत घेणार असाल तर भार चार चाकांत न वाटता तिनात वाटा, कारण खाचखळग्यात एक चाक अधांतरी जातं. आमच्या ७० किलोला प्रत्येक चाक निदान २५ किलोचं हवं. विक्रेत्याला आयएसओ २२८८३ विचारा. ताशी ४ किलोमीटरपर्यंत, म्हणजे माणसाच्या चालीनं ढकलायच्या कॅस्टरसाठी ते मानक आहे.

सध्या वहिनींकडे दोन ट्रॉल्या चालतात. पूर्वी एका खेपेला पंचवीस-तीस भाकऱ्या मोडायच्या, आता चार-पाच, आणि त्याही बहुतेक ट्रे भरताना. येत्या सीझनला तिसरी करायची आहे.

पहिल्या लॉटच्या कडक स्प्रिंगा मात्र टाकल्या नाहीत. हिशोब केला तर त्याच भुजेवर त्या साधारण ११० किलोच्या ट्रॉलीला बरोबर बसतात. माझ्या वेल्डिंग मशिनची ट्रॉली त्यांच्यावर उभी आहे, बाकीच्या कपाटात आहेत, आणि खोक्यावर मी मार्करनं लिहून ठेवलंय: काम करणारे ३.५, एकूण ५.५.