तुम्ही विचारलंत म्हणून: गूचने कमावले किती?

आयर्लंडमधल्या किलार्नीत राहतो, त्यामुळे सुट्टीला सांगलीला आलो की कधी ना कधी तिथल्या कोल्म कूपरचा, म्हणजे गूचचा, विषय माझ्याकडून निघतोच. मग मामा, मामेभाऊ, सगळ्यांचं एकच: "एवढा मोठा खेळाडू, मग कमावले किती?"

खेळण्याचे पैसे? काही नाही. तो खेळायचा त्या गेलिक फुटबॉलमध्ये, म्हणजे हातांनीही खेळतात त्या आयरिश फुटबॉलमध्ये, पगार नसतो. अखिल आयर्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर 82,000 माणसं तिकीट काढून बसतात आणि मैदानातले खेळाडू त्याच आठवड्यात आपापल्या कामावर हजर. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी. कूपर बँकेत होता. प्रवासखर्च मिळतो, थोडं सरकारी अनुदान मिळतं, बस. लिलाव वगैरे प्रकारच नाही. जिथले तुम्ही, तिथल्याच संघाकडून खेळायचं.

कूपर दिसायला लाल केसांचा, अंगाने किरकोळ. गूच हे टोपणनाव एका बाहुलीवरून पडलं म्हणतात. 2002 मध्ये केरी परगण्याच्या संघाकडून उतरला तेव्हा विशीही गाठली नव्हती. या खेळात चेंडू हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त जाता येत नाही. एकतर टप्पा पाडायचा, नाहीतर पायावर सोडून चवड्याने परत हातात उडवायचा. शेजारच्या पोराने मला हे शिकवायला घेतलं तेव्हा चेंडू सरळ हनुवटीवर आला. गूच हेच पळता पळता, मागे बचावपटू लटकलेला असताना करायचा. 2004 च्या अंतिम सामन्यात मेयोविरुद्धचा त्याचा गोल बघा. उंच आलेला चेंडू बचावपटूच्या डोक्यावरून काढला, आत वळला आणि शांतपणे कोपऱ्यात सरकवला. मारला म्हणवत नाही.

2004, 2006, 2007, 2009. चार वेळा खेळून अखिल आयर्लंड जिंकलं. फेब्रुवारी 2014 मध्ये क्लबच्या सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट तुटला, वाटीही फुटली. त्या सप्टेंबरात केरी जिंकली, हा मैदानाबाहेर. तरी परतला. मार्च 2017 मध्ये गावच्या डॉ. क्रोक्स क्लबने क्लबांची अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकली, त्यात गोल याचा. एप्रिलमध्ये केरीची जर्सी उतरवली.

पैशांचा प्रश्न आला तो त्यानंतर. डब्लिनमध्ये त्याच्या सन्मानार्थ भोजन ठेवलं, दहा जणांच्या टेबलाला 5,000 युरो. काही रक्कम धर्मादाय संस्थांना जाणार होती, तरी केवढा गदारोळ! हौशी खेळाडूने असे पैसे घ्यावेत का? माझं मत विचाराल तर खुशाल घ्यावेत. पंधरा वर्षं तिकिटं खपली ती कुणाच्या जिवावर? पण किलार्नीत हे बोललो की सहकारी गप्प होतात आणि चहाला उठतात.

मामाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "बँकेत बढती तरी दिली का रे?"