दीडशे माणसं, एक मांडव आणि नाताळचे खेळ

संगीत खुर्चीचा हिशेब आधी मांडून बघा. ४० जण उभे केले आणि दर फेरीला एक खुर्ची काढली, तर ३९ फेऱ्या होतात. गाणं, थांबणं, कोण आधी टेकलं यावरचा वाद आणि खुर्ची उचलणं धरून फेरीला मिनिट तरी जातंच. म्हणजे पाऊण तास खेळ चालणार, आणि पहिल्या पाच मिनिटांत बाद झालेली लेकरं उरलेला वेळ मांडवाच्या दोऱ्यांना लोंबकळणार. दहा जणांच्या खेळात कुणी बाद झालं की हशा पिकतो. शंभरांच्या खेळात बाद झालेली माणसं पांगतात, आणि एकदा जेवणाच्या रांगेकडे पांगलेली माणसं परत येत नाहीत.

म्हणून चर्चच्या आवारात, मिशन कंपाउंडमध्ये किंवा गावाकडच्या अंगणात नाताळचे खेळ ठरवताना एकच गोष्ट तपासायची: कोणत्याही क्षणी किती माणसं नुसती बसलेली आहेत? निम्म्याहून जास्त असतील तर खेळ बदला, नाहीतर नियम बदला.

संगीत खुर्ची लोकांना हवीच असते, तर ती अशी घ्या. ४० पासून १० खेळाडू उरेपर्यंत दर वेळी पाच-पाच खुर्च्या काढायच्या आणि मग एकेक. ३९ ऐवजी १५ फेऱ्यांत निकाल लागतो. खुर्च्या बिनहाताच्या घ्या, हाताच्या खुर्चीत दोघं घुसले की हात तुटतो आणि मंडपवाला पैसे लावतो. गुळगुळीत शहाबादी फरशीवर प्लास्टिकचे पाय सरकतात, त्यामुळे खाली सतरंजी हवी किंवा सरळ मातीच्या अंगणात खेळा. गाण्यासाठी मोबाइल आणि स्पीकरपेक्षा ढोलकीवाला बरा. लाइट गेली तरी तो थांबत नाही. फक्त त्याला गोलाकडे पाठ करून बसवा, नाहीतर तो आपल्या भाच्याची खुर्ची बघून थांबतो.

सुरुवातीला मात्र पळापळीचा खेळ नकोच. माणसं एकदम येत नाहीत. पुण्या-मुंबईहून आलेली पोरं एका कोपऱ्यात, सासरहून आलेल्या लेकी दुसऱ्या कोपऱ्यात, म्हातारी माणसं उन्हाला. यांना मिसळायला सह्यांचा कागद चांगला. एका कागदावर १६ चौकोन, प्रत्येकात एक ओळ: 'पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आलेला', 'जिच्या करंज्या यंदा तेलात फुटल्या', 'जालन्यात शिकलेला', 'कॅरल (नाताळगीतांच्या) फेरीत घसा बसलेला', 'घरची चांदणी स्वतः बांबूच्या कामट्यांची केलेला'. ज्याला जी ओळ लागू पडते त्याची तिथं सही घ्यायची. नियम एकच, पण तो कडक ठेवा: एका माणसानं एका कागदावर एकदाच सही करायची. हा नियम नसला तर चार चुलतभावंडं आपसातच कागद भरून मोकळी होतात. १५ मिनिटं पुरतात. हा खेळ अडतो तो पेनांपायी. दीडशे माणसांत किमान ६० पेन्सिली लागतात, 'घरून घेऊन या' असं सांगून त्या जमत नाहीत. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही अशा आजी-आजोबांबरोबर एकेक लेकरू जोडून द्या, दोघांचा मिळून एक कागद.

तळ्यात-मळ्यात आपल्याकडे सगळ्यांना येतं. त्याचं नाताळचं रूप म्हणजे गोठ्यात-रानात. रांगोळीनं लांब रेघ मारायची. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला मेंढपाळांचं रान. माणशी दोन फूट जागा धरली तर ४० जणांना ८० फुटांची रेघ हवी. तेवढं अंगण नसेल तर ४० फुटांच्या दोन रेघा मारा. चुकलेला बाहेर बसत नाही, तो पंच होतो आणि समोरच्या तिघांवर नजर ठेवतो. जसजसे खेळाडू कमी होतात तसतसे पंच वाढतात आणि वाद मिटतात. 'शिवाजी म्हणतो'चं 'सांता म्हणतो' करतानाही तेच: चुकला तो बाद नाही, तो समोरच्या गटात जातो. शेवटी कोणता गट मोठा, ते मोजायचं.

आता दाढीचा खेळ. सगळ्यात जास्त हशा याला मिळतो, आणि सगळ्यात जास्त गोंधळही यातच होतो.

पाच जणांचा एक गट. एक जण सांता, खुर्चीवर बसलेला, हात मांडीवर. त्याच्या हनुवटीला, जबड्याला आणि मिशीच्या जागी व्हॅसलिनचा थर द्यायचा. डोळ्यांपासून दोन बोटं लांब, आणि नाकपुड्यांना लागू द्यायचं नाही. पाच मीटरवर ताटात कापसाचे सुपारीएवढे ४० पुंजके. बाकीचे चौघं आळीपाळीनं चमच्यात एक पुंजका घेऊन धावतात आणि दुसरा हात न लावता तो दाढीवर चिकटवतात. हातानं करू दिलं तर खेळ अर्ध्या मिनिटात आटोपतो, म्हणून चमचा. वेळ दोन मिनिटं. शिट्टी झाली की सांता उभा राहून तीनदा मान हलवतो, आणि त्यानंतर जे चिकटून राहिले तेवढेच पुंजके मोजायचे. या शेवटच्या नियमामुळे नुसते फेकून चिकटवणारे गट मागे पडतात.

कापूस औषधाच्या दुकानातला गुंडाळीचा घ्या. दहा गटांना दोनशे ग्रॅम पुरतो. घरात वेचणीचा कापूस पडलेला असतो, तो फुकटचा म्हणून वापरायचा मोह होतो, पण त्यात सरकी असते. सरकीच्या वजनानं पुंजका गळून पडतो आणि पाचोळ्याचे कण चेहऱ्याला टोचतात. डिंक किंवा फेविकॉल चेहऱ्याला कधीही लावू नका. मध मुंग्यांना आणि माश्यांना आमंत्रण देतो. डिसेंबरात थंडीनं ओठ फुटतात त्यामुळे व्हॅसलिन घरोघरी असतंच, आणि एक साधी डबी दहा चेहऱ्यांना पुरते. सांता बिनदाढीचा निवडा, खऱ्या दाढीत शिरलेलं व्हॅसलिन निघता निघत नाही. खेळ संपल्यावर आधी कोरड्या कापडानं पुसायचं, मग कोमट पाणी आणि साबण. नुसत्या पाण्यानं ते पसरतं. खेळ चालू असताना पंखे बंद ठेवा.

बर्फाचा माणूस करायचा खेळ इंग्रजी पार्ट्यांमध्ये टॉयलेट पेपरच्या रिळांनी खेळतात. रीळ फाटतं हीच त्यातली गंमत, पण दहा गटांना वीस रिळं जातात आणि आवारभर कागद होतो. आपल्याकडे आजोबांचा जुना पांढरा पटका किंवा धोतर आहे की. एकाला उभं करायचं, दोघांनी तीन मिनिटांत गुंडाळायचं, मग गाजराचं नाक, काळ्या कागदाची बटणं आणि डोक्यावर टोपी. गाजर हातात धरायचं नाही, दोऱ्यानं कानांना बांधायचं. गळ्याभोवती आणि नाकातोंडावर वेढे द्यायचे नाहीत, हे आधी माइकवरून सांगा. दोन्ही पाय एकत्र गुंडाळले तर माणूस पडतो, म्हणून पाय वेगवेगळे किंवा गुडघ्यापर्यंतच. टाळ्यांवर निकाल लावू नका, ज्याचे नातेवाईक जास्त तो जिंकतो. तीन परीक्षक ठेवा, त्यातला एक पाळक (चर्चचा धर्मगुरू) असला तर कुणी तक्रार करत नाही.

गाण्यावर गिफ्टचं पुडकं फिरवण्याचा खेळ सोपा वाटतो, पण ६० जणांच्या एका गोलात एका माणसाकडे दोन सेकंद धरले तरी एका चकरेला दोन मिनिटं लागतात. तोवर समोरच्या बाजूचे गप्पा मारायला लागतात. २०-२० चे तीन गोल करा, तीन पुडकी, गाणं एकच. पुडक्याला वर्तमानपत्राचे १२ ते १५ थर, प्रत्येक थरात एक चिठ्ठी आणि एक गोळी. चिकटपट्टी प्रत्येक थराला एकच तुकडा. पुडकं बांधणारा हौशी असतो, तो चौफेर पट्टी मारतो आणि मग एक थर सोडवायला दोन मिनिटं जातात. चिठ्ठ्या सगळ्या वयांना जमतील अशा लिहा: 'उजवीकडच्याला नाताळच्या शुभेच्छा गाऊन द्या', 'मेंढीसारखं ओरडा', 'उखाणा घ्या'. अचानक उखाणा सुचत नाही, म्हणून एक-दोन लिहूनच ठेवा:

चांदणीचा उजेड दारी, करंज्यांचा घमघमाट घरभर,
…रावांचं नाव घेते, टाळ्या वाजवा भरभर.

गिफ्टांची अदलाबदल करायची असेल तर एकेकाला बोलावून निवडायला लावू नका, तीस जणांनाच पाऊण तास जातो. त्याऐवजी गोष्ट वाचा. प्रत्येक जण शंभर रुपयांच्या आतली भेट हातात घेऊन गोलात बसतो. वाचणारा मरीया-योसेफाच्या बेथलेहेमच्या वाटेची गोष्ट सांगतो. 'उजवीकडे' आलं की भेट उजव्या हाताच्या माणसाला, 'डावीकडे' आलं की डाव्या. तीन मिनिटांच्या गोष्टीत असे २५-३० शब्द पेरले की पुरे. दोन्ही शब्द सारख्या संख्येनं आले तर प्रत्येकाची भेट त्याच्याकडेच परत येते, म्हणून एका बाजूचे सात-आठ जास्त ठेवा. जे रिकाम्या हातानं येतात त्यांच्यासाठी आयोजकांकडे दहा भेटी जादा हव्यात.

हे सगळं जेवणाआधी. प्रीतिभोजनानंतर, पोटात बिर्याणी असताना, माणसं धावणार नाहीत आणि धावू नयेत. तेव्हा तांबोळा, म्हणजे हाऊजी. एका तिकिटात तीन ओळी आणि नऊ रकाने असतात, ओळीत पाच प्रमाणे १५ आकडे, १ ते ९० मधले. तिकिटं दुकानात तयार मिळतात. बक्षिसं: पहिले पाच, चार कोपरे, तिन्ही ओळी आणि फुल हाऊस, म्हणजे तिकिटावरचे सगळे १५ आकडे. दीडशे तिकिटं असली तर पहिले पाच साधारण दहा-बारा आकड्यांत लागतात, फुल हाऊस मात्र बहुधा ६० ते ७० आकडे पुकारल्यावर. एका आकड्याला दहा सेकंद आणि तपासणीचा वेळ धरला तर एक डाव २० ते २५ मिनिटांचा. दोनच डाव ठेवा.

गोंधळ होतो तो आकडा ऐकण्यात. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी माइकवर सारखेच ऐकू येतात आणि इंग्रजी शाळेतल्या लेकरांना तर ते कळतच नाहीत. म्हणून 'पाच-नऊ, एकोणसाठ' असं दोनदा पुकारा आणि फळ्यावर लिहा. दावा पुढचा आकडा पुकारण्याआधीच करायचा. खोटा दावा म्हणजे बोगी, तिकीट रद्द. दोघांनी एकदम दावा केला तर बक्षीस वाटून, हेही आधी जाहीर करा. आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात एकमेकींत अडकतात, त्यापेक्षा बाटल्यांच्या झाकणांवर आकडे लिहा. तिकिटाला पैसे घ्यायचे की नाही हे चर्चच्या मंडळीनं आधीच ठरवावं. बऱ्याच ठिकाणी चर्चच्या आवारात पैशांचा खेळ चालत नाही, तिकीट फुकट देणंच बरं. बक्षिसाला गुळाची ढेप, शेंगदाण्याचे लाडू, ओल्या हरभऱ्याची पेंडी चालते. फुल हाऊसला हिमरूची शाल ठेवा. पैठणी ठेवली की खेळ राहत नाही, भांडण होतं.

दोन डावांच्या मध्ये प्रश्नमंजूषा घ्या. दहा-दहाचे गट, उत्तर कागदावर लिहून एकदम वर धरायचं, म्हणजे आधी ओरडणाऱ्याचं राज्य चालत नाही. पाठ असलेली माणसंही फसतील असे प्रश्न निवडा. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी) लोक किती होते? शुभवर्तमानात आकडाच नाही, भेटी तीन आहेत: सोने, ऊद आणि गंधरस. बेथलेहेमचा अर्थ काय? हिब्रूत 'भाकरीचं घर', आणि ज्वारीच्या मुलखात हे उत्तर लेकरांना लगेच आवडतं. पहिलं छापील ख्रिसमस कार्ड १८४३ मध्ये लंडनमध्ये निघालं. त्याच वर्षी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन पुढे जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे कोण? रेव्हरंड नारायण शेषाद्री. हा प्रश्न जालन्याच्या गटाला सोडून विचारा.

कार्यक्रमाच्या शेवटी मेणबत्त्या पेटवायच्या असतील तर दाढीचा खेळ सह्यांच्या कागदानंतर लगेच उरकून घ्या. कापूस जमिनीवर, खुर्च्यांच्या फटीत, स्वेटरांना चिकटून राहतो आणि ठिणगीनं भुर्रकन पेटतो. खेळ संपला की दोघांच्या हातात खराटा आणि एक पोतं द्या, सांतांची तोंडं धुवा, आणि ते पोतं मांडवाबाहेर गेल्याशिवाय काडेपेटी कुणाच्या हातात देऊ नका.