सहा पानांवर तेच नाव

"आई, 'माईआत्याला फोन' हे तू सहा दिवस रोज लिहितेयस?"

लेक माझी डायरी चाळत होती. लाटणं हातातच राहिलं.

जानेवारीत अप्पा बळवंत चौकातून ही डायरी आणली, दिवसाला एक पान असलेली. त्याआधी सगळं मोबाइलमध्ये. तिथे राहिलेलं काम एका बोटानं उद्यावर ढकललं जायचं. कितव्यांदा, ते कळायचंही नाही. कागदावर मात्र परत हातानं लिहावं लागतं. रायडर कॅरोल यांच्या 'बुलेट जर्नल' या वहीत कामं टिपायच्या पद्धतीत हे मुद्दामच ठेवलंय. उरलेलं काम पुन्हा लिहायचा कंटाळा आला, तर ते खरंच करायचंय का, हे स्वतःला विचारायचं.

मला कंटाळा आला नव्हता. सहाही दिवस मी ते नाव नीट, सुवाच्य लिहिलं होतं. फोन मात्र केला नव्हता. आत्या सदाशिव पेठेत राहते, आमच्यापासून दहा मिनिटांवर.

गॅस बंद केला, फोन लावला. "आठवण झाली का गं?" एवढंच म्हणाली. मग पाऊण तास बोलत बसलो.

मोबाइलमधली जुनी यादी उघडायचा धीर अजून झालेला नाही.

तुमच्या यादीत आहे का असं एखादं नाव?