पुढची लाट आणि सत्तर अक्षरे

अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांपासून लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांपर्यंत अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: "मोबाइलच्या धंद्यात इतकी वर्षे काढलीत, तेव्हा पुढची लाट कोणती हे तुम्हाला आधीच कळत असेल ना?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देतो. मला आधी कळत नाही. मात्र लोक अजून काय मोजतात याकडे मी लक्ष ठेवून असतो, कारण वापरणाऱ्याला एखादी गोष्ट मोजून वापरावी लागते तोवर ती कितीही गाजली तरी पसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

आम्ही २००८ साली पुण्यात दोन खोल्यांत कंपनी सुरू केली. काम साधे होते: शेतकऱ्याला त्याच्या मालाचा बाजारभाव मोबाइलवर रोजच्या रोज कळवायचा. कल्पना आमची एकट्याची नव्हती. रॉयटर्सची 'मार्केट लाइट' ही सेवा त्याआधीच्या वर्षी महाराष्ट्रातच सुरू झाली होती आणि तिच्याकडे पाहूनच आम्हाला धीर आला होता. आम्ही कांद्यापुरते आणि नाशिक जिल्ह्यापुरते राहायचे ठरवले. त्या वेळी आमच्या ग्राहकांपैकी जवळजवळ कोणाच्याही हातातल्या फोनवर इंटरनेट नव्हते, तेव्हा सगळा व्यवहार एसएमएसवर चालायचा.

एसएमएसमध्ये एकंदर १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसते, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरे जातात. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून मराठीत सत्तरच. शिवाय काना, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण यांतले प्रत्येक स्वतंत्र मोजले जाते, त्यामुळे 'क्विंटल' हा दिसायला तीन अक्षरी शब्द सात जागा खातो. सत्तरच्या पुढे एक चिन्ह गेले की निरोपाचे दोन तुकडे होतात आणि पैसेही दोन निरोपांचे लागतात. उदाहरणादाखल, 'लासलगाव उन्हाळ कांदा किमान ७०० कमाल १४२५ सर्वसाधारण ११५० रु. क्विंटल' एवढे लिहिले की अडुसष्ट जागा भरल्या. आवक किती झाली हे सांगायला जागाच उरत नव्हती, आणि आवक कळल्याशिवाय उद्या माल न्यावा की थांबावे हे कोणी ठरवत नाही. मग मी 'सर्वसाधारण' काढून 'सरासरी' केले, 'रु.' गाळले आणि दराचे व आवकेचे क्विंटल एकाच शब्दावर भागवले: 'लासलगाव उन्हाळ कांदा किमान ७०० कमाल १४२५ सरासरी ११५० क्विंटल आवक १२४००'. बरोबर सत्तर झाले. त्या संध्याकाळी मला स्वतःचे फार कौतुक वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी येवल्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात. "साहेब, सरासरी निराळी न् सर्वसाधारण निराळा. ज्या भावात जास्तीत जास्त माल गेला, तो सर्वसाधारण. तुमी दोन आकडे मिळवून निम्मे केले काय?" आकडा आम्ही बदललेला नव्हता, फक्त त्याचे नाव बदलले होते, पण नानांचे म्हणणे खरे होते. बाजार समितीच्या तक्त्यात ज्याला सर्वसाधारण दर म्हणतात त्याच्यावरच शेतकऱ्याचा अंदाज चालतो, आणि तो किमान व कमाल यांच्या मध्यावर असेलच असे नाही. दहा जागा खाणारा 'सर्वसाधारण' परत आला, आवक दुसऱ्या निरोपात गेली आणि आमचा एसएमएसचा खर्च दुप्पट झाला.

फोन ठेवण्यापूर्वी नानांनी आणखी एक गोष्ट विचारली होती: "ह्याचे माझे किती कापले जातात?" हा प्रश्न पुढे अनेक वर्षे प्रत्येक नव्या ग्राहकाने विचारला. त्याला कारणही होते. गाणे, ज्योतिष, क्रिकेटचा स्कोअर अशा सेवा न मागता सुरू होण्याच्या आणि शिल्लक परस्पर कमी होण्याच्या तक्रारी त्या काळात घरोघरी ऐकू यायच्या. २०१३ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेणे बंधनकारक केले, तेव्हा आमची यादी एकदम आखडली. गळालेल्यांत आमची सेवा मनापासून नको असलेलेही बरेच होते हे कबूल केले पाहिजे. तोवर मी प्रत्येक वर्गणीदाराला चाहता समजत होतो.

मिस्ड कॉलचा शोध कोणा कंपनीने लावला नाही, मोजणाऱ्या लोकांनी लावला. पोहोचलो की एक रिंग देतो, ही घराघरातली सांकेतिक भाषा होती. तिच्यावर बंगळूरच्या झिपडायलने धंदा उभारला आणि २०१५ साली ती कंपनी ट्विटरने विकत घेतली. आम्हीही मिस्ड कॉल दिला की भाव पाठवू लागलो. एका बैठकीत माझ्यासमोर बसलेल्या गुंतवणूकदाराने या सोयीला मागासलेपणा म्हटले. मला मात्र ग्राहकाला एक पैसाही मोजावा न लागणारी ती आमची पहिली सोय वाटत होती, आणि सर्वांत जास्त वापरली गेली तीही तीच.

माझे अंदाज चुकले त्यांतले दोन सांगण्यासारखे आहेत. २०१० साली ३जीच्या लहरींचा लिलाव झाला, सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले आणि आता गावोगावी व्हिडिओ पोहोचणार असे मला वाटले. आम्ही कर्ज काढून पिकांवरच्या रोगांच्या लहान लहान चित्रफिती तयार करून घेतल्या. ज्यांच्याकडे तसा फोन होता तेसुद्धा नेट बंद ठेवत, गरज पडली की चालू करत आणि काम झाले की लगेच बंद करत. चित्रफिती कोणी पाहिल्या नाहीत. सहा वर्षांनी, ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले, पुढच्या मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट मिळाला आणि ज्या एका जीबीला त्यापूर्वी अडीचशे रुपयांच्या आसपास पडत, त्याची किंमत लोकांच्या बोलण्यातूनच गेली. नेट बंद करण्याची सवय मोडली. आमच्या जुन्या चित्रफिती आम्ही न पाठवताच कोणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवू लागले. कंपनीचे नाव कापून, अर्थात.

दुसरी चूक क्यूआर कोडची. २०११च्या सुमारास वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत ते काळेपांढरे चौकोन दिसू लागले होते. ते वाचण्यासाठी वेगळे ॲप उतरवायचे, डेटा खर्च करायचा आणि एवढे करून दिसणार काय, तर त्या जाहिरातदाराचे संकेतस्थळ. हे चालणार नाही असे मी ठामपणे म्हणालो आणि काही वर्षे माझेच खरे ठरले. नंतर २०१६ साली यूपीआय आले, नोटाबंदी झाली, आणि तोच चौकोन भाजीच्या गाडीवर जाऊन बसला. तो चौकोन १९९४ साली जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला होता. त्यात काहीच बदलले नव्हते, डेटा मोजणे तेवढे थांबले होते. तरी भाजीवाल्याला पैसे आले की नाही हे पाहण्यासाठी ओल्या हाताने फोन काढून एसएमएस उघडावा लागे. पैसे आल्याचे मोठ्याने सांगणारी पेटी आली आणि तेही संपले. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतले सर्वांत हुशारीचे यंत्र ती पेटी आहे.

मधल्या काळात फक्त ॲपवर धंदा करण्याची टूम निघाली होती. २०१५ साली कपडे विकणाऱ्या मिंत्राने आपले संकेतस्थळ बंद करून सगळा व्यवहार ॲपवर नेला आणि पुढच्याच वर्षी संकेतस्थळ परत आणले. आम्हीही ॲप सुरू केले. लग्नसराई सुरू झाली की आमचे ॲप काढून टाकणाऱ्यांची संख्या वाढते हे लक्षात यायला दोन उन्हाळे जावे लागले. आठ जीबीच्या फोनमध्ये भाचीच्या लग्नाचे फोटो आणि कांद्याचा भाव यांपैकी एकच राहणार असेल, तर काय राहील हे सांगायला नको. डेटाची मोजणी संपत आली होती, जागेची चालू होती.

शिवाय भाव कळवण्याचे आमचे कामच लोकांनी काढून घेतले. लासलगावच्या आवारात ट्रॅक्टरांच्या रांगेतून व्यापारी लिलाव करत पुढे सरकतात, त्यांच्यामागे एखादा पोरगा फोन धरून चालतो, आणि घरी बसलेल्याला कांद्याचा रंग, आकार, पत्ती हे सगळे भावासकट दिसते. हे पाहिल्यावर सत्तर अक्षरांतले आकडे कोण वाचणार?

आता सगळे कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल विचारतात. शेतकऱ्याने बोलून विचारावे आणि फोनने बोलून उत्तर द्यावे, असे काही आम्हीही करून पाहत आहोत. यात ग्राहकाला काही मोजावे लागत नाही; मोजतो आम्ही. अशी उत्तरे तयार करणाऱ्या संगणकप्रणाली (मॉडेल) मजकुराचे तुकडे करून त्यांच्या संख्येनुसार पैसे आकारतात, आणि तोच आशय देवनागरीत लिहिला तर इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात. नव्या मॉडेलांत हा फरक कमी होत चालला आहे, तरी पहिले बिल हातात आले तेव्हा मला सत्तर आणि एकशे साठ हे आकडे आठवले. त्याहून गंमत म्हणजे, सर्वसाधारण दर विचारल्यावर आमच्या पहिल्या नमुन्याने किमान आणि कमाल यांची बेरीज करून खुशाल निम्मे केले.

ते दुरुस्त करून मी फोन घेऊन नानांकडे गेलो. आता ते सत्तरीच्या पुढे आहेत आणि शेत पुतण्या पाहतो. ओट्यावर बसून त्यांनी विचारले, "आज गोल्टीला काय भाव?" फोनने 'गोल्टी' (म्हणजे बारीक कांदा) ऐवजी 'गोळी' ऐकले आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगितले. नाना मनसोक्त हसले. दुसऱ्यांदा त्यांनी 'बारीक कांदा' असा शब्द वापरला, आणि उत्तर बरोबर आले. मी तक्त्याशी ताडून पाहिले. किती कापले जातात हे त्यांनी या वेळी विचारलेच नाही. खिशातून स्वतःचा फोन काढला, बाजारात गेलेल्या पुतण्याला लावला आणि भाव खरा आहे का ते विचारून घेतले. त्या दुपारी त्यांनी आमच्या फोनला चार प्रश्न विचारले आणि पुतण्याला चारदा फोन केला.