तुम्ही विचारलंत म्हणून: बाल्गा ओळखायचा कसा?

पर्थला पाहुणे आले आणि गाडी डार्लिंग रेंज या जवळच्या डोंगररांगेकडे वळली की हमखास विचारतात, ते काळ्या खोडाचं, वर गवताचा झुपका असलेलं झाड कुठलं आणि तुला लांबून कळतं कसं? लांबून मला कळत नाही हो, कोणालाच खात्रीने कळणार नाही, कारण इथे बाल्गा म्हणजे झँथोरिया प्रेइसाय ही ग्रासट्री आणि किंगिया ही दोन्ही आजूबाजूला वाढतात, दिसतात सारखी आणि कूळ मात्र वेगळं.

मी आधी फुलांचा दांडा बघते. बाल्ग्याच्या झुपक्यातून बहुतेक वेळा एकच सरळ दांडा येतो, माणसापेक्षा उंच, आणि त्याचा फुलांनी भरलेला भाग खालच्या उघड्या भागापेक्षा लांब असतो. किंगियाला आखूड आखूड बरेच दांडे, शेंड्याभोवती रिंगण करून, प्रत्येकाच्या टोकाला ढोलाच्या टिपरीसारखा गोल गोंडा. जॅरा या निलगिरीच्या प्रकारातल्या झाडांच्या जंगलात तिसरी एक आहे, झँथोरिया ग्रॅसिलिस, तिला जमिनीवर खोडच नाही, काटकुळा लांब दांडा आणि टोकाला फुलांचा जेमतेम तुकडा.

फुलं नसली तर पान. बाल्ग्याचं पान बोटांत फिरवलं की कडा लागतात, किंगियाचं चंदेरी, कोवळ्यावर रेशमी लव.

आणि खोड जरूर जवळून बघा, ते लाकूड नाहीच! जुन्या पानांचे बुडखे डिंकाने चिकटून झालेला थर आहे तो, वणव्याने काळा पडलेला. हाच डिंक वापरून नूंगार लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, कोज नावाची दगडी कुऱ्हाड लाकडी मुठीला बसवायचे. वणव्यानंतर तर बाल्गा जोरात फुलतो, आणि फुलं आधी उत्तरेच्या बाजूला उमलतात, कारण इथे ऊन उत्तरेकडून येतं.

खोड वर्षाला साधारण 1-2 सेंमी वाढतं, म्हणजे पुरुषभर उंचीचं झाड शंभरीच्या आसपासचं किंवा त्याहून म्हातारं, आणि असं झाड फायटॉप्थोरा या मातीतल्या बुरशीसारख्या जंतूच्या रोगामुळे, इथे ज्याला डायबॅक म्हणतात, मुळं कुजून मरतं, आणि हा जंतू असलेली माती बुटाला चिकटून पुढे जाते. मला याची फार काळजी वाटते. म्हणून पायवाटेच्या तोंडाशी बूट घासायचा ब्रश असेल तिथे बूट नीट घासा, जाताना आणि येतानाही, आणि फोटोसाठी वाट सोडून आत शिरू नका, झूम करा.