आई-बाबा, दोन जड बॅगा आणि पॅरिस ते बार्सिलोना

मुंबईहून पॅरिसला उतरायचं आणि बार्सिलोनाहून परतायचं, एवढंच पक्कं होतं. मधे झुरिच, व्हेनिस, रोम. कुठे रेल्वे आणि कुठे विमान, हा घोळ माझ्या गळ्यात. आईचे गुडघे कुरकुरतात आणि बाबांचं एकच पालुपद: "विमानाने सव्वा तासात होतं, तर रेल्वेत चार तास कशाला घालवायचे?"

हे पॅरिस-झुरिचबद्दल. मग मी कागद घेऊन बसले आणि एका हॉटेलच्या दारापासून दुसऱ्या हॉटेलच्या दारापर्यंतचा हिशेब मांडला. शार्ल द गॉल विमानतळ शहराबाहेर, तिथे पोचायला तासभर. दोन तास आधी जायचं, सिक्युरिटीत आईची पातळ औषधं दाखवायची, उतरल्यावर पट्ट्यापाशी बॅगांची वाट बघायची. झुरिचचा विमानतळ मुख्य स्टेशनपासून रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर, तरीही बेरीज पाचाच्या पुढे गेली. टीजीव्ही लिरिया ही फ्रान्स-स्वित्झर्लंडमधली वेगवान गाडी मात्र पॅरिसच्या गार द लियों स्टेशनातून निघते आणि साधारण चार तासांत झुरिचच्या भर गावात सोडते. दोन्ही देश शेंगेनमध्ये, त्यामुळे पासपोर्टची रांग नाही. बाबा कागद बघून "बरं" म्हणाले, म्हणजे पटलं.

पैशांचं गणित जरा फसवं असतं. विमानाचं तिकीट स्वस्त दिसत होतं, पण चेक-इन बॅगा आणि सीटचे पैसे धरले तर फरक किरकोळ. रेल्वेचे दरही प्रवासाची तारीख जवळ येईल तसे चढतात, म्हणून विक्री खुली होताच तिकिटं काढून टाकली. युरोपातल्या अनेक देशांच्या गाड्यांना चालणारा युरेल पास पाहिला होता. पण पास असला तरी टीजीव्ही आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. आमच्या तारखा ठरलेल्या, तेव्हा सुटी तिकिटंच बरी.

लिरिया दुमजली आहे. आईसाठी मी खालच्या मजल्यावरच्या सीट घेतल्या, पण या गाडीचे डबे वरच्या मजल्यावरून जोडलेले असतात. म्हणजे खालच्या माणसाला कॅन्टीनपर्यंत जायचं तर आधी जिना चढणं आलंच. खाणं आणि पाणी सोबत घेतलं होतं म्हणून निभावलं. फलाटाचा नंबर बोर्डावर वीसेक मिनिटं आधीच लागतो आणि दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. हमाल वगैरे विसरा. बॅग उचलून डब्यात चढवायची आपणच. वजनाचा काटा नाही हे सुख खरं, पण जेवढं भराल तेवढं उचलावं लागतं.

झुरिचहून व्हेनिसला मिलानमध्ये गाडी बदलली. मधे तासाभराची फट मुद्दाम ठेवली होती, आणि आई-बाबा बरोबर असताना तेवढी हवीच. आल्प्स येणार म्हणून बाबा खिडकी धरून बसले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर आपला खंडाळ्याचा घाट. आणि समोर आला गोत्थार्डचा 57 किलोमीटरचा बोगदा! 2016 साली तो सुरू झाल्यापासून वेगाच्या गाड्या डोंगराच्या पोटातूनच जातात. वरचा जुना मार्ग अजून आहे, पण त्यावरची गाडी वेगळी आणि वेळही जास्त. बाबांना हे आधी सांगायला हवं होतं, असं आईचं मत.

व्हेनिसला मेस्त्रे नावाचं स्टेशन आधी लागतं, तिथे उतरू नका. पुढच्या सांता लुचियाच्या पायऱ्या उतरलात की समोर थेट ग्रँड कॅनाल आणि बोटीचा धक्का. विमानतळावरून हे कुठून मिळायला! पुढे रोमपर्यंत जेमतेम चार तासांची गाडी, तिथे विमानाचा विचारही केला नाही.

रोम-बार्सिलोना मात्र डोळे मिटून विमान. थेट गाडी नाही, रेल्वेने जायचं तर फ्रान्सचा वळसा आणि दिवसभराहून जास्त वेळ. विमानाला दोन तासांच्या आत-बाहेर. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून विमानतळाची गाडी माणशी 14 युरो, म्हणजे तिघांचे 42. टॅक्सीला जुन्या तटबंदीच्या आतून ठरावीक भाडं असतं आणि ते थोडंच जास्त, म्हणून टॅक्सी केली. भारतीय पासपोर्टवाल्यांनी एक बघावं: काही स्वस्त विमान कंपन्या मोबाईलवर बोर्डिंग पास असला तरी आधी काउंटरवर व्हिसा तपासून घ्यायला लावतात. ती रांग निराळी. बॅगेच्या वजनाची कटकट आहेच. आईने रोममध्ये घेतलेली चीजची पाकिटं शेवटी बाबांच्या कोटाच्या खिशांत गेली.